घर नसलेली सहा दारं

पहाटे चारला लिकोनीच्या धक्क्यावर
आम्ही सहा दारं उभी केली.
भिंत नाही, छप्पर नाही, कडी-कोयंडा नाही,
नुसत्या चौकटी, आणि त्यांच्या पोटात
एक न दिसणारी कुरकुर.

दोन दारांत हातभर अंतर लागतं,
नाहीतर एकाचं ऐकून दुसरं ओरडतं.
शेजाऱ्यांचंही असंच असतं, काझुंगू म्हणाला,
पाना दातांत धरून.

मग चाचणी.
सुरीएवढा पोलादी तुकडा
टोपीखाली, काखेत, कमरेला,
शेवटी घोट्याला, मोज्यात.
चाळीस वेळा दारातून आत गेलो
आणि चाळीस वेळा बाहेरच पोचलो.

यंत्रावर एक आकडा असतो, त्याला आम्ही उंबरठा म्हणतो.
नऊवर ठेवला तर चॉकलेटचा चंदेरी कागदही बोलतो.
दोनवर ठेवला तर कोयता गुमान निघून जातो.
मधे कुठेतरी ठेव, साहेब म्हणाले.
कागदावर हिशोब सोपा होता:
एक बोट, पंधराशे माणसं, दहा मिनिटं, सहा दारं;
माणशी जेमतेम अडीच सेकंद संशय.
कागदावर कोणाच्या डोक्यावर टोपली नव्हती.

मी पाचवर ठेवला.

साडेपाचला पहिली बोट लागली
आणि आत चिटपाखरू नसताना
सहाच्या सहा दारं एकदम केकाटली.
आम्ही धावलो, एकमेकांचे खिसे चाचपले.
मग लक्षात आलं, ती बोटच.
तिचा लोखंडी जबडा धक्क्याला टेकला
आणि दारांना वाटलं,
काहीतरी भलंमोठं लपवून कोणी येतंय.
अगदीच चुकीचं नव्हतं त्यांचं.

चाळीस पावलं मागे, चढावर नेली दारं.
तिथे सावली नाही.
नकाशात सावलीला खूण नव्हती.

आणि मग माणसं.
म्हामरीचं ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन न्येवू,
थापी आणि ओळंबा घेऊन गवंडी म्वाचिरो,
कंपासपेटी छातीशी धरलेली एक मुलगी,
पाय बांधलेल्या चार कोंबड्या. कोंबड्या वाजल्या नाहीत.
पुस्तकात या सगळ्याला प्रवाह म्हणतात.
प्रवाहाच्या कडेवर मूल होतं,
आणि ते भोंगा ऐकून इतकं खूश झालं
की पुन्हा, पुन्हा म्हणून हटून बसलं.

एका म्हाताऱ्याच्या खुब्यात सळई.
प्लास्टिकच्या पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला,
चार घड्या उलगडून दाखवला.
रोज दाखवायचा का?
रोज, बाबा.
बरं, म्हणाला, सळईही रोजचीच आहे.

सात वाजता रांग रस्त्यापर्यंत.
बोटीनं भोंगा दिला, थांबली नाही.
न्येवूचं पातेलं तसंच भरलेलं, थंड,
पलीकडच्या शाळेची मधली सुट्टी तिच्यासाठी थांबणार नव्हती.
ती काही बोलली नाही. नुसतं झाकण नीट केलं.

सव्वासातला मी पाचाचा चार केला.
कोणी सांगितलं नव्हतं.
वहीत लिहिलं नाही. इथेच काय ते पहिल्यांदा.
रांग हलली.
साहेबांनी लांबून अंगठा दाखवला.

दिवसभर मी दारांच्या बाजूबाजूनेच फिरलो,
वायरींवर पट्ट्या चिकटवत, ट्रे पुसत.
ट्रेमध्ये राहून गेलेलं: एक किल्ली, दोन शिलिंग,
एक चमचा, ज्याला कोणी विचारायला आलं नाही.

संध्याकाळी घरी निघालो, सहाव्या दाराने.
पेचकस, किल्ल्या, पट्टा, सगळं ट्रेमध्ये.
रिझिकी उभी होती, मीच शिकवलेली.
ओळख न दाखवता हातानेच म्हणाली, या.
गेलो.
दार गप्प.

अर्ध्या खाडीत घोट्याला काहीतरी टोचलं.
मोजा खाली केला.
तो तिथेच होता, पहाटेपासून,
घामाने ओला, माझ्या अंगाइतका गरम.

शेजारच्या बाईने पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं.
मी तो रुमालात गुंडाळला.
उद्या पाच करीन, ठरवलं.
मग न्येवूचं झाकण आठवलं.

जबडा धक्क्याला टेकला, पायाखालचं लोखंड थरथरलं.
माणसं उतरायला उठली,
सगळी एकदम,
कोणालाही न मोजता.